आरसेटीतील दहा दिवस आणि न घेतलेले यंत्र

द्रोण-पत्रावळीचे यंत्र घ्यायचे हे ठरवूनच मी आमच्या जिल्ह्यातील ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे सगळे जिला ‘आरसेटी’ म्हणतात तिथे, दहा दिवसांच्या निवासी वर्गाला गेले होते. कागद आम्हीच पुरवू आणि तयार मालही आम्हीच परत घेऊ, असे यंत्र विकणाऱ्याने सांगितले होते, त्यामुळे मला केवळ कर्जासाठी प्रमाणपत्र हवे होते. परतताना ते यंत्र न घेण्याचा माझा निर्णय पक्का झाला होता, आणि म्हणूनच या प्रशिक्षणाविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

प्रशिक्षण, राहणे आणि जेवण यांसाठी एक रुपयाही द्यावा लागत नाही. १९८२ साली कर्नाटकातील उजिरे येथे धर्मस्थळाच्या शैक्षणिक ट्रस्टने सिंडिकेट बँक व कॅनरा बँक यांच्या साहाय्याने जी संस्था उभारली, तिचाच नमुना केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. या संस्था बँकांमार्फत चालवल्या जातात.

पहिल्या दोन दिवसांतील खेळ मला सुरुवातीला पोरकट वाटले. कागदी होड्यांच्या खेळात किती होड्या करून देणार हे आधी सांगायचे, तेवढा कागद विकत घ्यायचा आणि ठरलेल्या वेळात माल द्यायचा. घडी वाकडी असली की होडी नाकारली जाते. मी उत्साहाने मोठा आकडा सांगितला, निम्म्याहून अधिक होड्या परत आल्या आणि कागदाचे पैसे अंगावर पडले. आपली क्षमता न मोजता शब्द देण्याची माझी सवय मला त्या अर्ध्या तासात जितकी स्पष्ट दिसली, तितकी कोणत्याही व्याख्यानातून दिसली नसती.

वर्गाचा खरा कस बाजार पाहणीच्या दिवशी लागतो. शहरातील चार घाऊक व्यापाऱ्यांकडे मी पत्रावळीचा भाव विचारला. कागद, वीज आणि माझी स्वतःची मजुरी (ती मी तोवर हिशेबात धरलीच नव्हती) मिळून माझ्या एका नगाला जो खर्च येणार होता, त्याहून कमी दरात मोठ्या कारखान्यांचा माल त्यांच्या दुकानात येत होता. मग माझा माल घेणारा एकच उरत होता, तो म्हणजे यंत्र विकणारा. कच्चा मालही त्याच्याच हाती. प्रशिक्षकांनी या ठिकाणी २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात गाजलेल्या कडकनाथ कोंबडीपालनाच्या फसवणुकीची आठवण करून दिली, तीही अशाच परत खरेदीच्या हमीवर उभी होती.

त्यानंतर गावातील गरजांची यादी करताना मिरची कांडप पुढे आले. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करण्यासाठी आमच्याकडच्या बायका तालुक्याला जातात. मिरची, धणे, खोबरे गिऱ्हाइकाचे, आपण किलोमागे मजुरी घ्यायची; कच्च्या मालात पैसा अडकत नाही आणि माल पडून राहण्याचा प्रश्न येत नाही. हंगाम सरल्यावर काम थांबू नये म्हणून जोडीला पिठाची गिरणी, असा प्रकल्प मी तयार केला. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील महिलेला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळते आणि स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. मात्र अनुदानाची रक्कम तीन वर्षे बँकेत ठेवीच्या रूपात अडकलेली असते, ती हातात येत नाही, हेही तिथे नीट समजावून सांगितले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. बाजार पाहणीला एकच दिवस दिला जातो आणि तोही जिल्ह्याच्या शहरात. प्रत्येकाला एक दिवस आपल्या गावी पाठवले असते तर कितीतरी अधिक उपयोग झाला असता. शिलाई आणि ब्युटी पार्लर यांचे वर्ग वारंवार होतात, त्यामुळे एकाच गावातील पाच-सहा जणी एकच व्यवसाय शिकून परततात आणि एकमेकींचेच गिऱ्हाईक वाटून घेतात. शिवाय संस्थेचे प्रमाणपत्र म्हणजे कर्जाची मंजुरी नव्हे: माझी फाइल बँकेच्या शाखेत चार महिने हलली नाही, आणि अखेर संस्थेच्या समन्वयकांनी स्वतः येऊन पाठपुरावा केला तेव्हा ती पुढे सरकली. प्रशिक्षणानंतर दोन वर्षे संपर्क ठेवण्याचा त्यांचा नियम आहे आणि माझ्या बाबतीत तो पाळला गेला.

ज्यांचा व्यवसाय अजून ठरलेला नाही, त्यांच्यापेक्षाही ज्यांनी यंत्राची इसार रक्कम द्यायची तयारी केली आहे, त्यांनी आधी हे दहा दिवस अवश्य काढावेत, आणि जाताना यंत्राचे दरपत्रक, गावातील विजेचा दर व चार दुकानांतील भाव लिहून न्यावेत. हिशेबाच्या दिवशी याच कागदांवर सर्वाधिक काम होते.