टीडीईचं सर्टिफिकेट सांभाळायला काय घ्यावं: साधी टी-एसक्यूएल स्क्रिप्ट की डीबीए-टूल्स?

खान्देशातल्या बऱ्याच पतसंस्थांत, जिनिंगमध्ये आणि दवाखान्यांत एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर) एकच असतो आणि तो बघणारा माणूसही एकच. प्रिंटर, सीसीटीव्ही, यूपीएस सगळं त्याच्याच गळ्यात. डेटाबेस एन्क्रिप्ट करायचा, म्हणजे टीडीई (डेटाबेसच्या फायली आणि बॅकअप आपोआप एन्क्रिप्ट करणारी सोय) चालू करायचं ठरलं, की त्याच्यापुढे प्रश्न येतो. किल्ल्या आणि सर्टिफिकेट सांभाळायला टी-एसक्यूएलच्या, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरच्या स्वतःच्या भाषेतल्या, फायली लिहून त्या एसक्यूएलसीएमडी या कमांड-लाइन टूलने चालवायच्या, की पॉवरशेलचं (विंडोजच्या स्क्रिप्टिंग भाषेचं) डीबीए-टूल्स हे मोड्यूल घ्यायचं? माझं मत आधीच सांगतो: सर्व्हर एक असेल तर टी-एसक्यूएल, तीन-चार झाले की डीबीए-टूल्स.

आधी आपली एडिशन तपासा. टीडीई २००८ पासून आहे, पण तेव्हा ते फक्त एन्टरप्राइजमध्ये होतं. स्टँडर्डमध्ये ते एसक्यूएल सर्व्हर २०१९ पासून मिळायला लागलं. एक्स्प्रेस या मोफत एडिशनवर ते नाहीच, त्यामुळे एक्स्प्रेसवाल्यांना हा निर्णय घ्यायची वेळच येत नाही.

निर्णय नीट घ्यायचा तर किल्ल्यांची साखळी डोक्यात हवी. सर्वांत वर सर्व्हिस मास्टर की, तिच्याखाली मास्टर डेटाबेसमधली डेटाबेस मास्टर की, तिच्या आधाराने सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेटने झाकलेली खऱ्या डेटाबेसमधली एन्क्रिप्शन की. दुसऱ्या मशीनवर बॅकअप रिस्टोअर करायला तीन गोष्टी लागतात: सर्टिफिकेटची फाइल, प्रायव्हेट कीची (सर्टिफिकेटच्या गुप्त किल्लीची) फाइल आणि त्या फाइलचा पासवर्ड. नव्या सर्व्हरवर मास्टर की नवीन पासवर्डने बनवली तरी चालते, सर्टिफिकेटचं नाव बदललं तरी चालतं. जुळावा लागतो तो थंबप्रिंट, म्हणजे सर्टिफिकेटची ओळखखूण.

या तिन्हींतली प्रायव्हेट कीच सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. धुळ्यातल्या एका दवाखान्याचा सर्व्हर गेला. बॅकअपची बाहेरची डिस्क ठणठणीत होती, फोल्डरमध्ये सर्टिफिकेटची फाइलही होती, पण रिस्टोअरला ३३१११ ही एरर: दिलेल्या थंबप्रिंटचं सर्व्हर सर्टिफिकेट सापडत नाही. फाइल उघडली तर आत फक्त सार्वजनिक भाग. "आते काय करानं भाऊ?" असं तिथल्या माणसाने विचारलं, तेव्हा त्याला देण्यासारखं उत्तर कुणाकडेच नव्हतं. प्रायव्हेट की नसेल तर तो बॅकअप कुणालाच उघडता येत नाही.

ही चूक दोन्ही रस्त्यांवर होऊ शकते, फक्त होण्याची तऱ्हा वेगळी. टी-एसक्यूएलमध्ये बॅकअप सर्टिफिकेट या कमांडला "विथ प्रायव्हेट की" हा भाग जोडला नाही, तर ती निमूटपणे सार्वजनिक भाग लिहून मोकळी होते. डीबीए-टूल्सच्या बॅकअप-डीबीए-डीबी-सर्टिफिकेट या कमांडला एन्क्रिप्शनचा पासवर्ड दिला नाही तरी तेच होतं. पण ती आउटपुटमध्ये किल्लीच्या रकान्यात पासवर्ड लागेल असं लिहून दाखवते. वाचणाऱ्याला तेवढा इशारा पुरतो. रात्री टास्क शेड्युलरमधून आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टचं आउटपुट मात्र कोण वाचतं?

एरर दिसण्याचंही तसंच आहे. बॅकअप सर्टिफिकेट जुन्या फाइलवर लिहीत नाही. त्याच नावाची फाइल असली की एरर देतं. एसक्यूएलसीएमडीला मायनस-बी हा स्विच दिला नसेल तर एवढं होऊनही शेड्युलरला काम यशस्वी दिसतं. डीबीए-टूल्स मुळात एररऐवजी पिवळी वॉर्निंग देतं. खरी एरर हवी असेल तर एनेबल-एक्सेप्शन लिहावं लागतं. ज्याचा त्याचा स्विच विसरलात तर दोन्ही सारखेच घातक.

पासवर्डच्या बाबतीत मात्र खरा फरक पडतो. टी-एसक्यूएलच्या फाइलमध्ये पासवर्ड उघडा लिहिलेला राहतो आणि ती फाइल पेनड्राइव्हवरून कुठेही जाते. एसक्यूएलसीएमडी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचू शकतं, पण ते करण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. डीबीए-टूल्स सिक्युअर-स्ट्रिंग (पासवर्ड झाकून ठेवण्याचा पॉवरशेलचा प्रकार) मागतं, त्यामुळे पासवर्ड सहसा उघडा राहत नाही. इथे सरळसरळ डीबीए-टूल्स पुढे. पण सोयीसाठी तो पासवर्ड पॉवरशेलच्या एक्सपोर्ट-सीएलआय-एक्सएमएल या कमांडने फाइलमध्ये ठेवला, तर विंडोजवर ती फाइल फक्त त्याच युजरला, त्याच मशीनवर उघडते. सर्व्हर जळाला की पासवर्डही गेला. म्हणून तो कागदावर लिहून, पाकीट सील करून, संस्थेच्या तिजोरीत ठेवाच. सर्टिफिकेटच्या फायली त्या तिजोरीत नकोत, दुसऱ्या जागी.

इन्स्टॉलेशनवर फार बोलण्यासारखं नाही. टी-एसक्यूएलला वेगळं काही लागत नाही. डीबीए-टूल्स मोफत आणि ओपन सोर्स आहे. सर्व्हरला इंटरनेट नसेल तर दुसऱ्या मशीनवर सेव्ह-मोड्यूल या कमांडने ते उतरवून फोल्डर उचलून न्यायचा. नव्या आवृत्तीत कनेक्शन करताना सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर विश्वास नसल्याची तक्रार येते. ते सर्टिफिकेट टीएलएसचं, म्हणजे नेटवर्कवरचं कनेक्शन झाकणारं, टीडीईचं नव्हे. या दोन्हींची गल्लत करून भलतंच सर्टिफिकेट काढून टाकू नका.

मग एका सर्व्हरला टी-एसक्यूएल का म्हणतो? कारण रिस्टोअरच्या दिवशी कीबोर्डवर कोण बसणार हे आपल्या हातात नसतं. पुण्याहून फोनवर सांगणारा सॉफ्टवेअरवाला असो की चाळीसगावच्या शाखेतून बोलावलेला मुलगा, क्रिएट सर्टिफिकेट फ्रॉम फाइल ही कमांड त्याला वाचून समजते. पॉवरशेल तितकं सगळ्यांना येत नाही.

सर्व्हर वाढले की हिशेब बदलतो. कुठल्या सर्टिफिकेटची मुदत कधी संपते, हे चार ठिकाणी लॉगिन करून बघणं कुणाच्याने होत नाही. डीबीए-टूल्समध्ये सर्व्हरची यादी दिली की सगळं एका तक्त्यात येतं. टी-एसक्यूएलने बनवताना मुदत दिली नसेल तर सर्टिफिकेट वर्षभराचं बनतं. मुदत संपली तरी टीडीई चालू राहतं, तेव्हा घाबरून जुनं सर्टिफिकेट पुसू नका. नव्यावर जाणं सोपं आहे, कारण फक्त एन्क्रिप्शन की नव्या सर्टिफिकेटने झाकली जाते, सगळा डेटा पुन्हा एन्क्रिप्ट होत नाही. जुन्या सर्टिफिकेटवरचे बॅकअप जोवर ठेवायचे आहेत, तोवर ते सर्टिफिकेटही ठेवायचं.

दोन सर्व्हरवाल्यांना मी मधला रस्ता सुचवेन: बनवणं, बॅकअप आणि रिस्टोअर टी-एसक्यूएलमध्ये, तपासणी डीबीए-टूल्सने. सिस-सर्टिफिकेट्स या एसक्यूएल सर्व्हरच्या आतल्या तक्त्यात (व्ह्यूमध्ये) प्रायव्हेट कीचा शेवटचा बॅकअप कधी झाला याची तारीख असते. तो रकाना रिकामा दिसला तर त्याच दिवशी बॅकअप घ्या, आणि डेव्हलपर एडिशन टाकलेल्या वेगळ्या मशीनवर डेटाबेस उघडून बघा.