सांवेर रोडवरचं मिलिंग वर्कशॉप: माप चोख, चुंबकाकडे कानाडोळा

काम काय होतं ते आधी. क्यूबसॅट या छोट्या उपग्रहाच्या एका युनिटमध्ये (१० सेंमीचा घन) मावेल अशी, हिऱ्याने चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाची, म्हणजे मॅग्नेटोमीटरची पेटी. ६०६१-टी६ ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेली, भिंत ३ मिमी, झाकणासाठी एम३ (३ मिमी) स्क्रूचे १६ हेलिकॉइल (भोकात बसवायचे तारेच्या गुंडाळीचे आटे), सर्किट बोर्डासाठी एम२.५ चे चार साधे आटे आणि लेझर डायोडसाठी एक सपाट बैठक. नग दोन: एक साधा, एक हार्ड ॲनोडाइज केलेला (विजेच्या टाकीत ऑक्साइडचा कडक थर चढवलेला). वर्कशॉप इंदूरच्या सांवेर रोड औद्योगिक क्षेत्रातलं, नाव मुद्दाम देत नाही.

मिलिंगला पैकीच्या पैकी गुण. बैठक ०.०२ मिमीच्या आत सपाट मागितली होती, सरफेस प्लेटवर डायल फिरवला तर ०.०१५ भरली. हे नुसतं देखणेपण नव्हे. जमिनीवर दोन पृष्ठभागांमधल्या फटीत हवा असते, ती थोडीफार उष्णता पलीकडे नेते. निर्वातात तीही नाही. बैठक उंचसखल असली की डायोड तापतो, त्याची तरंगलांबी आणि ताकद दोन्ही हलतात आणि मागोमाग हिराही तापतो. हिऱ्यातल्या नायट्रोजन-व्हेकन्सी केंद्रांवर (कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि शेजारची जागा रिकामी) हिरवा प्रकाश टाकून मायक्रोवेव्हची वारंवारता फिरवली की २.८७ गिगाहर्ट्‌झजवळ लाल प्रकाशात खळगा दिसतो. तापमान एक अंशाने वाढलं की तो ७४ किलोहर्ट्‌झने खाली सरकतो. चुंबकीय क्षेत्रामुळे त्याचे दोन खळगे होतात आणि केंद्राच्या अक्षावरच्या दर मायक्रोटेस्लाला प्रत्येक खळगा मधल्या जागेपासून २८ किलोहर्ट्‌झ दूर जातो. म्हणजे एकच खळगा धरून बसलात तर एका अंशाचा ताप २.६ मायक्रोटेस्लाचं खोटं क्षेत्र दाखवतो. दोन्ही मोजून वजाबाकी केली की ही चूक कटते, पण पेटीने मदत केलेली बरी.

आता तक्रार. काउंटरवर "स्टेनलेस आहे, चुंबक लागत नाही," असं छातीठोक सांगितलं जातं. हेलिकॉइल ३०४ चे निघाले. ३०४ चा सपाट पत्रा चुंबकाला फारशी दाद देत नाही हे खरं, पण तार ओढताना आणि तिची गुंडाळी करताना त्या पोलादाचा काही भाग चुंबकीय होतो. तपासणी दोन मिनिटांची: निओडिमियमचा बारका चुंबक वीतभर दोऱ्याला टांगा, पंखा बंद करा आणि हेलिकॉइल हळूच जवळ न्या. सोळाच्या सोळांनी चुंबक ओढला. आमच्या पेटीत हिऱ्यापासून सर्वांत जवळचा हेलिकॉइल १५ मिमीवर येतो, तिथे तो काही शे नॅनोटेस्ला सहज टाकू शकतो. हा आकडा स्थिर राहिला असता तर कॅलिब्रेशनमध्ये वजा केला असता. पण प्रक्षेपणाच्या हादऱ्यांनी आणि कक्षेतल्या ऊन-सावलीने तो बदलतो, तेव्हा जमिनीवरचं कॅलिब्रेशन वर कामाचं राहत नाही. यानाच्या स्वतःच्या चुंबकत्वापासून लांब राहण्यासाठी आदित्य-एल१ ने मॅग्नेटोमीटर ६ मीटरच्या दांड्यावर बसवले आहेत. क्यूबसॅटला एवढी चैन कुठली! हसेल्ट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०२१ मध्ये अंतराळ स्थानकावर पाठवलेला ऑस्कर-क्यूब हा हिऱ्याचा मॅग्नेटोमीटर अवघ्या १० सेंमीच्या घनात मावलेला होता.

फॉस्फर ब्राँझचे हेलिकॉइल आणून दिल्यावर त्यांनी बदलून दिले, मजुरी मात्र वेगळी लावली. ड्रॉइंगवर धातू लिहिला नव्हता, त्यामुळे तो मुद्दा त्यांचा. स्क्रू टायटॅनियमचे किंवा पितळेचे आपणच न्यावेत. त्याच वाइसमध्ये दिवसभर माइल्ड स्टीलचे जॉब चालतात, त्याचा चुरा मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततो. जबड्यांवर ॲल्युमिनियमचे तुकडे लावून घ्या, कटर नवा मागा आणि कानस तर पेटीला लागूच देऊ नका. उस्तादांना कारण सांगितलं की ते ऐकतात. नाही सांगितलं तर बर (कडेची धारदार कुसळं) काढायला पहिला हात कानशीकडेच जातो.

ॲनोडायझिंग ते बाहेरून करून आणतात आणि खरा घोटाळा तिथेच झाला. २५ मायक्रॉनच्या थरापैकी साधारण निम्मा धातूच्या आत जातो आणि निम्मा, म्हणजे १२.५ मायक्रॉन, बाहेर वाढतो. आट्याच्या तिरक्या उतारांवर ही बाहेरची वाढ पिच व्यासात (आट्याच्या मधल्या व्यासात) चौपट, ५० मायक्रॉन खाते. एम२.५ चे चारही आटे न झाकता टाकीत गेले आणि स्क्रू दोन फेऱ्यांत अडकले. पुन्हा टॅप फिरवून सुटले, पण तिथला थर गेला. शिवाय हा थर वीजरोधक असल्याने झाकणाचा पेटीशी विजेचा संपर्क होत नव्हता, बॅटरीच्या तारेतला गोंगाट थेट मायक्रोवेव्हच्या सर्किटमध्ये. आटे, झाकणाची कड आणि डायोडची बैठक झाकून ठेवा, तिथे नंतर क्रोमेट कन्व्हर्जन (वीज जाऊ देणारा पातळ रासायनिक थर) करा, हे ड्रॉइंगवर लाल शाईत लिहा.

साध्या नगाच्या आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या, भोकांत कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल लावून फिरवली तर काडी करडी निघाली: कूलंट आणि बारीक चुरा. निर्वातात हेच तेल उडून लेन्सवर आणि फिल्टरवर जाऊन बसतं. साहित्याची नेहमीची कसोटी अशी: निर्वातात १२५ अंशांवर २४ तास ठेवून वजनातली घट १ टक्क्याच्या आत, त्यातला थंड पत्र्यावर जमणारा अंश ०.१ टक्क्याच्या आत. वर्कशॉपकडून एवढ्या स्वच्छतेची अपेक्षा ठेवू नका. अल्ट्रासोनिकमध्ये आधी ॲसिटोन, मग आयसोप्रोपिल, आणि नंतर ८० अंशांवर रात्रभर भाजणं घरचंच काम. आंधळं भोक टाळता येत नसेल तर मधून भोक पाडलेला स्क्रू वापरा, नाहीतर तळाशी कोंडलेली हवा दिवसचे दिवस झिरपत राहते.

म्यू-मेटलचं (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूचं) काम इथे देऊ नका. आण्विक घड्याळाला किंवा कोल्ड-ॲटम सेन्सरला त्याची ढाल लागते, आणि ॲनीलिंगनंतर (भट्टीत तापवून सावकाश थंड केल्यावर) ती वाकवली, ठोकली किंवा भोक पाडलं की तिचा गुण जातो. हायड्रोजनमधली ११०० अंशांपुढची भट्टी इथे नाही, तरी "करून देऊ" म्हणतात.

आठ दिवसांचा वायदा तेरा दिवसांवर गेला, त्यातले चार ॲनोडायझिंगवाल्याकडे. दर ड्रॉइंग पाहून ठरतो आणि नंतर फिरवत नाहीत. पुढची पेटीही इथेच टाकणार आहोत, हेलिकॉइलची पुडी मात्र आमची.