'द न्यू इसेन्शियल गाइड टू एलियन स्पीशीज': पावसाळ्यापासून हाताशी असलेलं पुस्तक

स्टार वॉर्स या अंतराळकथेच्या चित्रपटांत ज्यांच्या वाट्याला एक धड वाक्यही आलेलं नाही, अशा परग्रहवासीयांवर माझा जीव आहे. ल्यूक, लेया, हान सोलो सगळ्यांना माहीत असतात; च्युबाका आणि योडाही. माझी नजर त्यांच्या पाठीमागे बसलेल्यांवर जाते. दोन सेकंद चेहरा दिसतो, कॅमेरा पुढे सरकतो आणि तो पुन्हा कधीच येत नाही. लग्नाच्या जुन्या फोटोत मागच्या रांगेत उभी असलेली जी माणसं फक्त आजीला ओळखता येतात, तशी ही मंडळी. हे पुस्तक त्या आजीचं काम करतं.

अ‍ॅन मार्गारेट लुइस आणि हेलन काइयर यांचं हे पुस्तक २००६ मध्ये आलं. त्याआधी २००१ मध्ये एकट्या लुइस यांचं पुस्तक आलं होतं, त्याचीच ही वाढवलेली, नव्याने चितारलेली आवृत्ती. मी पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडून मागवली. तेव्हापासून ती कपाटात गेलेली नाही, टीव्हीसमोरच्या टीपॉयवरच असते. भाचा सुट्टीला आला की आम्ही चित्रपट लावतो, तो "मावशी, थांबव, थांबव!" म्हणतो आणि पडद्यावरचा चेहरा पुस्तकात शोधायला लागतो. असा महिनोन्‌महिने वापर झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

पुस्तकाची मांडणी त्या विश्वाच्या आतून केलेली आहे. मॅमन हूल नावाचा एक मानववंशशास्त्रज्ञ आकाशगंगाभर हिंडून नोंदी करतो, अशी कल्पना. हा हूल स्वतः शिइडो, म्हणजे हवं ते रूप धारण करू शकणाऱ्या जमातीचा. प्रजाती इंग्रजी वर्णानुक्रमाने लावल्या आहेत आणि त्यांची चित्रं रंगीत आहेत. मजकुरात मूळ ग्रह, शरीररचना, समाज, इतिहास. ऐकायला कोशासारखं वाटतं, पण वाचताना प्रवासवर्णनाची गोडी आहे. हूल कोणाची चेष्टा करत नाही, कोणाला विचित्र म्हणत नाही. ज्या जमाती चित्रपटात निव्वळ घाबरवायला किंवा हसवायला उभ्या केल्या, त्यांच्याबद्दल तो शांतपणे, आस्थेने लिहितो. मला हे पुस्तक आवडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

१९७७ च्या पहिल्या चित्रपटातला, मॉस आयझ्ली या अवकाशबंदरातला गुत्ता घ्या. तिथे एक कवटीसारख्या चेहऱ्याचा प्राणी क्षणभर दिसतो. तो गिव्हिन. गिव्हिनांचा ग्रह याग'धूल. त्याला तीन चंद्र आहेत आणि त्यांच्या ओढीमुळे वातावरण आणि समुद्र असे खेचले जातात की जमिनीचा काही भाग अधूनमधून चक्क निर्वातात उघडा पडतो. म्हणून गिव्हिनांचा सांगाडा शरीराच्या बाहेर आहे आणि ते स्वतःला हवाबंद करून घेऊ शकतात. भरती कधी, कुठे येणार हे अचूक काढता आलं नाही तर मरणच, म्हणून अख्खी जमात गणितात मुरलेली. अंतराळातल्या झेपेची आकडेमोड, जी इतरांना यंत्राकडून करून घ्यावी लागते, ती हे तोंडी करतात. एका मुखवट्यापासून सुरुवात करून खगोलशास्त्र, मग शरीर, मग संस्कृती अशी एकातून एक निघणारी साखळी लेखकांनी बांधली आहे. भाच्याला भरती-ओहोटी शाळेत शिकवली होती, पण चंद्राच्या ओढीवर त्याने मला नीट प्रश्न विचारायला सुरुवात केली ती गिव्हिनांमुळे.

दुसरे माझे लाडके म्हणजे गँड. १९८० च्या चित्रपटात खलनायक डार्थ वेडर सहा इनामी शिकाऱ्यांना जहाजावर बोलावतो. त्यांत कीटकासारख्या डोळ्यांचा, तोंडाला श्वसनयंत्र लावलेला जो बुटका उभा असतो, तो झुकस. तो अमोनियावर जगतो, म्हणून ते यंत्र. पण गँडांची खरी गंमत त्यांच्या बोलण्यात आहे. सामान्य गँड स्वतःला 'मी' म्हणत नाही. तो स्वतःला नुसतं 'गँड' म्हणतो. काही कर्तृत्व दाखवलं की त्याला कुळाचं नाव लावता येतं, आणखी मोठं काम केलं की स्वतःचं नाव. 'मी' म्हणायचा मान मिळतो तो सगळ्या जमातीला ज्याचं नाव ठाऊक झालं अशा एखाद्यालाच. आणि हातून काही लाजिरवाणं घडलं तर नाव असलेला गँडही पुन्हा स्वतःला 'गँड' म्हणून खाली उतरतो. हा तपशील मुळात १९९० च्या दशकातल्या कादंबऱ्यांतून आला, मायकल स्टॅकपोल यांनी रंगवलेल्या एका गँड वैमानिकाकडून. हे वाचल्यावर झुकसचा तो निःशब्द प्रसंग मी पूर्वीसारखा पाहूच शकत नाही.

टॅल्झ जमातीचा मफ्टाकही त्याच गुत्त्यातला. अंगभर पांढरी लोकर, सोंडेसारखं तोंड आणि चार डोळे. मोठी जोडी अंधारासाठी, लहान जोडी उजेडासाठी. बर्फावरून उसळणाऱ्या दुपारच्या उन्हात मोठे डोळे मिटून घ्यायचे. २००९ मध्ये क्लोन वॉर्स या अ‍ॅनिमेशन मालिकेत टॅल्झ पुन्हा आले, तेही भाले घेऊन आपल्या बर्फाळ भूमीसाठी लढणारे. एका मुखवट्याला बत्तीस वर्षांनी अख्खी टोळी मिळाली, याचा मला फार आनंद झाला होता.

डेव्हरोनियनांची नोंद वाचून मला लेखकांच्या हुशारीचं कौतुक वाटलं. गुत्त्यात डोक्यावर दोन शिंगं असलेला, सैतानासारखा दिसणारा एकजण हसताना दिसतो. जमातीच्या पुरुषांना शिंगं, बायकांना नाहीत. पुरुषांच्या अंगात भटकण्याची ओढ, ते घर सोडून आकाशगंगाभर फिरतात. बायका ग्रहावर राहून कारभार चालवतात. गुत्त्यात शिंगवाला पुरुषच का दिसतो, या प्रश्नाचं उत्तर म्हणून एक समाजव्यवस्था उभी केली! २०१९ मध्ये द मँडलोरियन या मालिकेत बर्ग नावाचा धिप्पाड डेव्हरोनियन आला, तेव्हा भाच्याने पडद्यावर शिंगं दिसताच नाव सांगितलं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, जी पुस्तकात नाही. त्या गुत्त्यातली गर्दी दोन टप्प्यांत तयार झाली. इंग्लंडमधल्या चित्रीकरणासाठी स्टुअर्ट फ्रीबॉर्न यांनी मुखवटे केले, पण ते आजारी पडले. दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांना प्रसंग आणखी भरगच्च हवा होता, म्हणून अमेरिकेत रिक बेकर आणि त्यांच्या तरुण चमूने नवे प्राणी घडवले आणि ती दृश्यं नंतर चित्रित करून जोडली. वेळ आणि पैसा दोन्ही कमी. मग बेकर यांच्याकडे आधीच तयार असलेले सैतानाचे आणि लांडग्याचे मुखवटेही कामाला लागले. तो डेव्हरोनियन म्हणजे मुळात हा सैतान. लांडगेतोंड्याला तर १९९७ च्या सुधारित आवृत्तीत काढून त्या जागी दुसरंच पात्र बसवलं. आणि गुत्त्यात वाजवणारा तो वाद्यवृंद, मोठ्या गोल डोक्यांचे बिथ, त्यांचे मुखवटे घालून मुखवटे बनवणाऱ्या चमूतलेच काहीजण उभे होते.

नावांचंही तसंच. चित्रपटात यांतल्या बहुतेकांना नाव नव्हतं. केनर या खेळण्यांच्या कंपनीने बाहुल्या काढल्या तेव्हा पाकिटावर 'हॅमरहेड', 'वॉलरस मॅन', 'स्नॅगलटूथ' अशी कामचलाऊ नावं छापली. स्नॅगलटूथचा किस्सा तर संग्राहकांमध्ये प्रसिद्ध आहे. कंपनीकडे त्याच्या फक्त वरच्या अर्ध्या भागाचा फोटो होता, त्यामुळे १९७८ मध्ये सीअर्स या दुकानसाखळीच्या गुत्त्याच्या संचात तो उंच, निळ्या कपड्यांचा आणि चंदेरी बुटांचा झाला. खरं तर तो बुटका आणि लाल कपड्यांतला. पुढे बाहुली दुरुस्त केली. पण निळा स्नॅगलटूथही वाया गेला नाही. कथाविश्वात त्याला टाकील नावाचं वेगळं पात्र म्हणून स्थान मिळालं, तर लालवाल्याचं नाव झुटन. दोघेही स्निव्हियन जमातीचे.

यानंतर १९८७ मध्ये वेस्ट एंड गेम्सने टेबलावर खेळायचा भूमिकांचा खेळ काढला. खेळणाऱ्यांना प्रजाती निवडायच्या तर त्यांना नावं, ग्रह, स्वभाव हवेत, म्हणून खेळाच्या लेखकांनी ते सगळं बसून लिहिलं. टिमथी झॅन यांनी १९९१ ची आपली स्टार वॉर्स कादंबरी लिहायला घेतली तेव्हा लुकास यांच्या लुकासफिल्म कंपनीने त्यांना हीच सामग्री संदर्भासाठी दिली. आज जे ज्ञान चित्रपटातूनच आलंय असं वाटतं, त्यातलं कितीतरी या खेळाच्या पुस्तिकांमधलं आहे. वॉलरस मॅन झाला अ‍ॅक्वालिश जमातीचा पोंडा बाबा. हॅमरहेड झाला इथोरियन जमातीचा मोमॉ नेडॉन: दोन तोंडं, चार घसे, आणि आपल्या जंगलाला इतकं पवित्र मानणारी जमात की लोक त्यावर तरंगणाऱ्या जहाजांमध्ये राहतात.

मुद्दाम इतकं लिहिलं, कारण माझी पुस्तकाबद्दलची मुख्य तक्रार इथेच आहे. हूलच्या तोंडून सगळं सांगायचं म्हटल्यावर बेकर, फ्रीबॉर्न, खेळाचे लेखक, बाहुल्यांचे कारागीर हे कोणीच मजकुरात येऊ शकत नाहीत. आवाजांचे जादूगार बेन बर्ट यांचंही तेच. १९८३ च्या चित्रपटात लँडोशेजारी बसून जहाज चालवणारा नीन नंब, सलस्टन जमातीचा, जे बोलतो ते केनियातल्या किपसांग रोटिच या विद्यार्थ्याने किकुयू भाषेत बोललेलं आहे. केनियातल्या प्रेक्षकांना ते सरळ कळत होतं. ही गोष्ट सलस्टनांच्या नोंदीशेजारी छोट्या चौकटीत असती तर किती छान झालं असतं! मी अशा गोष्टी पेन्सिलने समासात लिहून ठेवते. आता पुस्तक अर्धं त्यांचं, अर्धं माझं झालंय.

वर्णानुक्रमाचा त्रास रोजच्या वापरात जाणवतो. पडद्यावर चेहरा दिसतो, नाव माहीत नसतं आणि पुस्तक नावाने लावलेलं. सुरुवातीचे काही आठवडे पानं चाळण्यात गेले. अर्थात त्या चाळण्यातच मी किटोनाक, पा'लोविक, ऑर्टोलान वाचून काढले. ऑर्टोलान म्हणजे गुंडांचा सरदार जब्बा याच्या दरबारात वाद्य वाजवणाऱ्या निळ्या मॅक्स रेबोची जमात. त्यांचा ग्रह थंड, अन्न दुर्मीळ, म्हणून खाण्याचं इतकं वेड. ज्याला पटकन उत्तर हवं असेल त्याची मात्र चिडचिड होईल.

घेणाऱ्याला माहीत असायलाच हवी अशी आणखी एक बाब. एप्रिल २०१४ मध्ये लुकासफिल्मने जाहीर केलं की चित्रपट आणि क्लोन वॉर्स सोडून त्याआधीच्या कादंबऱ्या, कॉमिक्स, खेळ यांतलं सगळं यापुढे 'लेजंड्स' (दंतकथा) समजायचं, अधिकृत कथेचा भाग नाही. या पुस्तकाचा बराचसा पाया त्याच साहित्यावर आहे. नव्या लेखकांनी त्यातलं पुष्कळ परत उचललं, काही बदललं, काहींना हातच लावला नाही. शिवाय २००६ नंतर आलेले चेहरे यात नाहीत हे उघड आहे: २०१५ च्या चित्रपटातले अ‍ॅबेडनेडो, २०१६ च्या रोग वनमधला दोन नळ्यांनी श्वास घेणारा टोग्नाथ बेंथिक. त्यांच्यासाठी २०१९ चं 'एलियन आर्काइव्ह' जवळ ठेवावं. त्यातली टिम मॅकडोना यांची चित्रं अतिशय देखणी आहेत आणि लहान मुलांच्या हाती द्यायला ते जास्त बरं. वाचायला बसायचं तर मी मात्र जुन्याकडेच वळते. त्यात मजकूर भरपूर आहे आणि एकेका जमातीपाशी हवा तितका वेळ थांबायची लेखकांची तयारी आहे.

कोणी घ्यावं? ज्यांना कथेची अधिकृत, आजची स्थिती हवी आहे, त्यांच्यासाठी हे नाही. विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनी, चित्रं काढणाऱ्यांनी, भूमिकांचे खेळ खेळणाऱ्यांनी जरूर घ्यावं. एका शारीरिक वैशिष्ट्यातून अख्खा समाज कसा रचायचा याचे नमुने पानोपानी आहेत. नवी प्रत मिळणं अवघड, जुन्या प्रतींवरच नजर ठेवावी लागेल. हाती आलं की पहिल्या पानापासून वाचू नका. थेट इंग्रजी 'जी' (G) अक्षरावर जा. गँड आणि गिव्हिन तिथेच आहेत. डोक्यावरच्या शंकूसारख्या शिंगांनी ऊर्जा आणि भावना टिपणारे, म्हणून यंत्रमानवांच्या सहवासात बेचैन होणारे गोटाल तिथेच. आणि तीन डोळ्यांचे ग्रॅनही, ज्यांना एकटेपणा सहन होत नाही, म्हणून ज्यांच्यात हद्दपारी हीच सगळ्यात कठोर शिक्षा आहे.