काचेचा १०० वॅटचा हीटर: पांढऱ्या ठिपक्यांवर कितपत कामाचा?

डायल ३० वर ठेवला आणि पाणी २८ वरच थांबलं, तर नुसतं मासे सुखात ठेवायला फारसं बिघडत नाही. टाकीतल्या माशांवर पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा इलाज चालू असेल तर मात्र सगळंच बिघडतं. बुडवून ठेवायचा, काचेच्या नळीचा, डोक्यावर फिरणारा डायल असलेला हीटर या एकाच कसोटीवर इथे तपासला आहे. कुठल्या एका कंपनीचा नाही, या जातीचाच आढावा आहे.

दोन अंशांनी एवढा फरक का पडतो? ठिपक्यांचा परजीवी, इक्थिऑफ्थिरियस, माशाच्या कातडीखाली आणि कल्ल्यांत वाढतो. पोसला की गळून तळाला जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत फुटून शेकडो पिल्लं सोडतो. त्या पिल्लांना साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. हे सगळं चक्र २५ अंशांना आठवड्याच्या आत उरकतं, १० अंशांना महिनाभर रेंगाळतं. म्हणजे २८ ला नुसतं थांबलं तर चक्र वेगानं फिरतं, तुटत नाही. ३० च्या आसपास बहुतेक वेळा परजीवीची वाढ अडते. उष्णता सोसणारे वाणही आहेत, त्यामुळे चार-पाच दिवसांत उतार दिसला नाही तर डायल आणखी फिरवत बसू नये, औषधाकडे वळावं.

आता हीटर. आत दोन धातूंची पट्टी असते, ती तापून वाकली की संपर्क तुटतो. पण ही पट्टी नळीच्या आत असते, तिला टाकीच्या मधल्या पाण्याचा पत्ता नसतो. नळीभोवती पाणी हललं नाही तर आतली हवा लवकर तापते आणि दिवा विझतो, टाकीचं दुसरं टोक मात्र गारच. डायलचे आकडेही एक-दोन अंशांनी इकडेतिकडे असतातच. त्यामुळे नळी फिल्टरच्या धारेत लावायची, वेगळा थर्मामीटर समोरच्या टोकाला, आणि डायल थर्मामीटर बघून फिरवायचा. डायलवरचा आकडा वाचायचाच नाही म्हटलं तरी चालेल.

ताकदीचं गणित सोपं आहे. १०० लिटर पाणी एक अंश तापवायला सुमारे ११६ वॅट-तास लागतात. १०० वॅटचा हीटर अखंड चालला आणि उष्णता अजिबात वाया गेली नाही, तरी २५ वरून ३० ला जायला जवळजवळ सहा तास. प्रत्यक्षात जास्तच. हा मंदपणा दोष वाटतो, पण इथे गुण आहे: पाणी दोन-तीन तासांत एका अंशापेक्षा जास्त चढूच नये. तापमान दीड दिवसात चढलं तरी काही बिघडत नाही. गारठ्याच्या खोलीत, उघड्या तोंडाच्या टाकीत मात्र हा हीटर २७-२८ वर धापा टाकतो, म्हणजे नेमका नको तिथे. टाकीवर काच झाका, किंवा सरळ ५० वॅटचे आणखी दोन लावा. छोटे दोन लावण्याचा फायदा असा की एकाचे संपर्क चिकटले तर टाकी लगेच उकडत नाही. संपर्क चिकटून हीटर चालूच राहणं हाच या जातीचा सर्वांत घातक बिघाड. बाहेरून जोडायचा तापमान-नियंत्रक ३१ ला तोडणारा लावला तर झोप नीट लागते.

ऑक्सिजनचं भान हवं. २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम मावतो, ३० ला ७.६. त्यात माशाची गरज वाढलेली आणि कल्ले आधीच ठिपक्यांनी भरलेले. हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन आधी चालू करायचा, डायल नंतर. फिल्टरची धार उंचावरून पडावी म्हणून पाण्याची पातळी उतरवतात, तिथे घात होतो: नळीवरची किमान पातळीची रेघ उघडी पडते, काच तापते आणि पाणी बदलताना गार धार लागली की तडकते. पाण्याला हात लावण्याआधी प्लग काढा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा.

चढत्या पाण्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठिपके वाढलेले दिसतात. घाबरून पाणी गार करू नका, आधीच रुतलेले परजीवी मोठे होत असतात. शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर ३० सोडायचं नाही. रोज तळाची घाण ओढून घ्यायची, नवं पाणी त्याच तापमानाचं हवं.

हीटर लावण्याआधी ठिपके टॉर्चने जवळून बघा. सुटे, मिठाच्या कणांसारखे, फार तर एक मिलिमीटर असतील तरच हा उपाय. पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा किंवा तोंडाभोवती कापूस दिसला तर तो बहुधा कॉलमनॅरिस, म्हणजे जिवाणू, आणि उष्णतेने तो भडकतो. नांगरी किडा, म्हणजे लर्निया, असेल तर कोमट पाण्यात त्याचीही पैदास जोरात होते. उलट इक्थिओबोडो या दुसऱ्या सूक्ष्म परजीवीला गारवा मानवतो, त्याच्यावर ३० अंश उपयोगी पडतात. गोल्डफिश आणि इतर थंड पाण्याच्या माशांसाठी हा मार्ग नाही. तिथे मीठ किंवा औषध, आणि गार पाण्यात चक्र लांबत असल्यामुळे इलाजही तितकाच लांबवावा लागतो.

निकाल: वेगळा थर्मामीटर असेल तर घ्यावा, नसेल तर इलाजासाठी घेऊ नये. नळीवर चुन्याचा पांढरा थर चढला की प्लग काढलेल्या, गार हीटरची नळी व्हिनेगरने पुसून धुवायची. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर तो दुरुस्त करायच्या भानगडीत न पडता टाकून द्यायचा.