फोनवरचा ग्रुप की छापील घरपत्र?

कुटुंब मोठं असेल आणि चहूकडे पांगलेलं असेल, तर एकमेकांची खबरबात कळत राहायला फोनवरचा ग्रुप पुरतो का? की दर तिमाहीला छापील घरपत्र, म्हणजे घरच्या बातम्यांचं पत्रक, काढावं? ओळखीच्या काही घरांत सध्या हा विषय चालू आहे. आमच्याकडे दोन्ही करून झालेलं असल्यामुळे विचारणा माझ्याकडे येते. ग्रुप कसा काढतात, पीडीएफ कशी करतात हे कॉलेजातल्या कुठल्याही पोराला येतं, त्यात शिरत नाही.

मी मूळचा नगरचा मराठी ख्रिस्ती, राहायला पुण्यात. सासुरवाडी झारखंडातल्या खुंटीकडची. मुंडा आदिवासी आणि गॉस्नर ल्युथरन, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती. बर्लिनहून योहान्नेस गॉस्नर यांनी पाठवलेले चार मिशनरी २ नोव्हेंबर १८४५ रोजी रांचीला पोचले आणि १८५० मध्ये तिथे पहिले बाप्तिस्मे झाले. पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनरींना जावं लागलं, तेव्हा १९१९ मध्ये इथल्याच माणसांनी मंडळीचा, म्हणजे चर्चचा, कारभार हाती घेतला. कुटुंबं मात्र त्याच्या आधीपासून पांगत होती. आसामच्या चहाच्या मळ्यांनी छोटानागपूरची, म्हणजे रांची-खुंटीकडच्या पठारावरची, माणसं मोठ्या संख्येनं नेली. पुढे जंगलकामासाठी अंदमानात नेली; तिथे त्यांना आजही ‘रांचीवाले’ म्हणतात. मग राउरकेल्याचा पोलाद कारखाना आला, फौज आली, मोठ्या शहरांतल्या नर्सिंगच्या नोकऱ्या आल्या. माझ्या बायकोच्या एकाच पणजोबांची पतवंडं आज खुंटी, दिब्रुगड, अंदमान, राउरकेला आणि पुणे इतक्या ठिकाणी आहेत. फोन उचलला की सगळीकडून पहिला शब्द ‘यीशु सहाय’ असाच येतो, पण पुढचं बोलणं कुणाचं हिंदीत, कुणाचं तिकडच्या सादरी बोलीत, कुणाचं मुंडांच्या मुंडारीत.

आधी ग्रुपबद्दल चांगलं ते सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. घरात कुणी गेलं तर दफनविधी बहुधा दुसऱ्या दिवशीच होतो. त्या वेळेत आसामपर्यंत बातमी पोचवायची तर दुसरा मार्ग नाही. रक्त लागलं, गाडीचं तिकीट काढायचं झालं, नव्या शहरात पोराला खोली बघायची झाली, तर ग्रुपवर टाकताच कुणी ना कुणी उभं राहतं. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही तिथे बोलता येतं. खुंटीच्या फुफू आजी मुंडारीत रेकॉर्ड करून पाठवतात, तेव्हा पुण्यात आमच्या मुलांना अर्थ कळत नसला तरी ती दोनदा ऐकतात. हे कुठल्याही कागदाला जमणार नाही. खर्च जवळजवळ शून्य. तेव्हा ग्रुप बंद करा असं मी कुणालाच म्हणणार नाही.

माझं मन त्यातून उठलं ते नावांमुळे.

मुंडा घरांत पहिल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायची रीत आहे. ख्रिस्ती झाल्यावर नावं बायबलमधली आली, पण रीत तशीच राहिली. आजोबा दाऊद, तर थोरल्याचा मुलगा दाऊद. धाकट्या भावाच्या घरीही त्याच आजोबांची आठवण म्हणून दाऊद. बायकांत मरियम आणि एलिसबा यांचंही तेच. आडनावानं उलगडा होईल म्हणावं तर आडनाव म्हणजे किली, म्हणजे कूळ. ते तर सगळ्या चुलतभावांचं एकच. मोठी सुंदर रीत आहे ही. आजोबांचं नाव अंगणात हाक मारताना रोज ऐकू येतं, त्यामुळे गेलेलं माणूस घरातून पुरतं जात नाही. अडचण एवढीच, की गावात हे नाव घेताना बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही कोणता दाऊद ते माहीत असतं. ग्रुपवर तसं नसतं.

एका रात्री ग्रुपवर आलं: ‘दाऊद भर्ती है, हालत ठीक नहीं, प्रार्थना कीजिए।’ पाठवणारा एक चुलत भाचा, त्याचा नंबर बहुतेकांकडे सेव्ह केलेला नव्हता. खाली ‘आमेन’ आणि जोडलेल्या हातांची रांग लागली. बायकोनं खुंटीला फोन लावला, तोवर तिथे आणखी चौघांचे फोन येऊन गेले होते. तिथला दाऊद नाइट ड्यूटीवर, फोन बंद. त्याची म्हातारी आई उठून बसली, शेजारी जमले, पाद्रीसाहेबांना बोलावणं गेलं. आजारी होता तो दाऊद दिब्रुगडकडच्या मळ्यातला, आणि त्याच्या घरी त्या रात्री आमच्यापैकी कुणाचाच फोन गेला नाही. ज्याला आधार हवा तो एकटा राहिला आणि जिच्या घरी काही झालंच नव्हतं ती माउली रात्रभर रडली. तो पुढे बरा झाला, देवाची कृपा. पण ‘कोणता दाऊद?’ असं ग्रुपवर कुणीच का विचारलं नाही, हे मला कळायला वेळ लागला. विचारणं म्हणजे आपलंच माणूस आपल्याला ओळखता आलं नाही हे सगळ्यांसमोर कबूल करणं. त्यापेक्षा आमेन लिहिणं सोपं.

त्यानंतर सगळ्यांना विनंती केली की नावापुढे घर आणि गाव लिहा. काही दिवस पाळली गेली, मग मागे पडली. मी कुणाला दोष देत नाही. इस्पितळाच्या व्हरांड्यात उभं राहून लिहिणाऱ्या पोरानं वंशावळ सांगत बसावं ही अपेक्षाच चूक आहे. ते काम शांतपणे बसलेल्या दुसऱ्या कुणीतरी करायला हवं. घरपत्राचा विचार तिथून सुरू झाला.

आमचं घरपत्र म्हणजे ए-फोरची चार पानं, हिंदीत, वर्षातून चारदा. अंक मंडळीच्या वर्षाला बांधलेले आहेत: ईस्टर, पावसाळा, कटनी पर्व (सुगीचा सण) आणि नाताळ. असं केल्यामुळे अंक कधी येणार हे कुणाला सांगावं लागत नाही. प्रत्येक शाखेत एक बातमीदार. त्यांनी लिहून पाठवायचं नाही. बायकोची थोरली बहीण, आम्ही सगळे त्यांना दीदी म्हणतो, त्याच फोन करून विचारून घेतात. हे महत्त्वाचं आहे. लिहून पाठवा म्हटलं की बातमी येत नाही, फोनवर मात्र अर्धा तास येते. टाइप धाकटी वहिनी करते. पीडीएफ जाते ग्रुपवरूनच, आणि प्रत्येक गावात एक जण झेरॉक्सच्या दुकानातून पाच-सहा प्रती काढून घरोघर देतो.

नियम एकच: नाव कधी एकटं छापायचं नाही. कुणाचा मुलगा, कुणाची सून, कुठल्या घरचा, कुठल्या मंडळीतला, हे प्रत्येक वेळी, दर अंकात, पुन्हा लिहायचं. ‘दाऊद, आसामवाले, बड़े आजा के मँझले बेटे के पोते, इनकी बेटी का दृढ़ीकरण हुआ।’ (दृढीकरण म्हणजे बाप्तिस्म्यानंतर मोठेपणी विश्वास कबूल करण्याचा विधी.) जाणत्यांना हे पाल्हाळ वाटेल. पण माझी मुलगी पुण्यात वाढलेली. तिला ‘मँझले बेटे के पोते’ वाचून वाचूनच ते घर पाठ झालं. गेल्या नाताळात खुंटीला अंगणात बसलेल्या माणसांपैकी कोण आपला कोण लागतो हे ती मला सांगत होती, आणि मी जावई असून अजून चाचपडत होतो.

वडीलधाऱ्यांना हे घरपत्र समजावून सांगावं लागलं नाही, याचंही कारण आहे. छापलेल्या बातम्या वाचायची सवय या मंडळीत जुनी आहे. तमिळनाडूतल्या तरंगंबाडीच्या डॅनिश-जर्मन ल्युथरन मिशनरींची पत्रं १७१० पासून जर्मनीत हाले इथे छापून घरोघर वाचली जात. खुद्द गॉस्नर बर्लिनमध्ये १८३४ पासून मिशनच्या बातम्यांचं पत्र काढत होते. रांचीचं ‘घर-बंधु’ हे मंडळीचं हिंदी मासिक माझ्या सासऱ्यांच्या उशाशी असायचं. आमच्याकडे नगरला १८४२ मध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या मराठी ख्रिस्ती नियतकालिकाचं जे स्थान, तेच. त्यामुळे जन्म, बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न, बदली, मृत्यू हा क्रम त्यांच्या डोळ्यांना ओळखीचाच होता. घरपत्र हातात पडलं की ते बायबल आणि गीतपुस्तकाशेजारी ठेवलं जातं. जुने अंक कुणी टाकत नाही. परवा एका भाच्याच्या लग्नाचं ठरताना दोन्ही घरं कधी आणि कशी जोडली गेली ते बघायला दादांनी जुन्या अंकांचा गठ्ठाच काढला. किली आणि नातं तपासल्याशिवाय तिथे सोयरीक पुढे सरकत नाही. ग्रुपवरचं असं काही नंतर शोधून काढणं मला तरी जमलेलं नाही. फोन बदलला की तेही गेलं.

घरपत्राच्या अडचणीही सांगायला हव्यात. पहिली म्हणजे सगळा भार एका माणसावर येतो. दीदी आजारी होत्या तेव्हा कटनीचा अंक निघालाच नाही. म्हणून दीदींच्या जोडीला आता एक तरुण भाची बसवली आहे, ती फोनवर शेजारी बसून ऐकते. दुसरी अडचण भाषेची. आसामात शिकलेल्या मुलांना हिंदी बोलता येते, पण वाचताना अडतात. तिथे एक मामी अंक मोठ्यानं वाचतात आणि आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. म्हणजे पुन्हा ग्रुपचाच आधार घ्यावा लागतो.

तिसरी सगळ्यांत नाजूक. छापलेलं पुसता येत नाही. नवरा-बायको वेगळे राहू लागले, कुणाची नोकरी गेली, कुणाला दारूचं व्यसन लागलं, हे लिहायचं का? आमच्यात ठरलं आहे की ज्याची बातमी त्याला वाचून दाखवल्याशिवाय छापायची नाही. तो नको म्हणाला तर तिथे फक्त ‘प्रार्थना में स्मरण करें’ एवढं आणि घराचं नाव. एकदा यावरूनही बोलाचाली झाली, कारण लोकांना तेवढ्यावरूनही अंदाज येतो. याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. एवढं मात्र दिसलं की तीन महिन्यांच्या अंतरामुळे बऱ्याच बातम्या छापायच्या आधीच निवळतात: भांडण मिटलेलं असतं, दुखणं बरं झालेलं असतं.

बाकीचे पर्याय थोडक्यात. रविवारी सगळ्यांचा व्हिडिओ कॉल आम्ही धरला होता. गावाकडे नेटवर्क धड मिळत नाही, आणि पंधरा घरं एकदम बोलू लागली की वडीलधारी गप्प होतात. नाताळच्या रात्री एक गीत सगळ्यांनी मिळून म्हणायला मात्र तो छान आहे. वंशावळीची संकेतस्थळं तारखा साठवायला ठीक, पण भाच्याशिवाय तिथे कुणी फिरकलं नाही.

तुमचं कुटुंब दोन पिढ्यांचं असेल, सगळ्यांनी एकमेकांना लहानपणी अंगणात खेळताना पाहिलं असेल, तर ग्रुप बहुधा पुरेल. उगाच कागदाचा व्याप वाढवू नका. पण तिसरी-चौथी पिढी वेगळ्या प्रांतात वाढत असेल आणि नावं फिरून फिरून तीच येत असतील, तर मी घरपत्राकडे झुकेन. ग्रुप तातडीच्या कामासाठी ठेवावा. आम्ही त्यासाठी एक सोय केली आहे: मृत्यूची किंवा इस्पितळाची बातमी आली की शाखेचा बातमीदार लगेच खाली एका ओळीत घर आणि गाव लिहितो. कुणाला विचारावं लागत नाही, म्हणून कुणाला संकोच होत नाही.

सुरुवात करायची तर नाताळच्या अंकानं करा. तेव्हा बहुतेक माणसं घरी असतात आणि एका बैठकीत चार शाखांची माहिती मिळते. पहिल्या अंकात बातम्या कमी असल्या तरी चालतील. पहिलं पान नुसतं घरांचं ठेवा: कुठलं घर, तिथे सध्या कोण कोण, कुठल्या मंडळीत जातात, आणि एकाच नावाची माणसं असतील तर त्यांना घरात काय म्हणून ओळखतात. हे शेवटचं घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईंना विचारा. आमच्याकडे ते पान फुफू आजींनी सांगितलं आणि दीदींनी उतरवून घेतलं, आणि पुढच्या प्रत्येक अंकाची नावं आम्ही अजून त्याच पानावरून ताडून बघतो.