स्किमर दमदार, पण आउटलेटच्या नॉबनं डोकं खाल्लं (एक पूर्ण उन्हाळा वापरल्यावर)

खाऱ्या पाण्याच्या फिश टँकमधली घाण फेसाबरोबर वरच्या कपात काढणारं यंत्र म्हणजे हा स्किमर. नवा असताना सगळेच पाच स्टार देतात म्हणून मुद्दाम थांबलो होतो. आज लिहायला बसलो त्याला कारण सर्व्हिसवाले. पंप खडखड करायला लागला, उघडून पाहिलं तर नीडल व्हीलच्या (हवेचे बारीक बुडबुडे करणारं काटेरी चाक) सिरॅमिक शाफ्टला तडा. चाक-शाफ्टचा इम्पेलर सेट मागितला तर म्हणे सुटा येत नाही, अख्खा पंप घ्या, आणि पंपाची किंमत स्किमरच्या निम्म्याहून जास्त! अरे भाऊ, जो पार्ट झिजणारच आहे तोच सुटा काऊन नाही ठेवत? शेवटी मुंबईहून त्याच मापाचा दुसरा शाफ्ट कुरियरनं मागवला, थोडक्यात काम झालं, आता नीट चालून राहिला.

पण माझा खरा राग नॉबवर आहे. आउटलेट पाइप फिरवला की आतली खिडकी उघडते-मिटते आणि त्यावर स्किमरच्या बॉडीतली पाण्याची लेव्हल ठरते, एवढंच त्याचं काम. तर अर्धा वेढा फिरवला तरी काही होत नाही, मग केसभर पुढं गेलं की पाणी एकदम दोन बोटं वर चढतं आणि कपात फिकट चहासारखं पाणी भरतं. त्यावर ना खुणा, ना खाचा, वरून पंपाच्या थरथरीनं तो हळूहळू स्वतःच सरकतो. मी पर्मनंट मार्करनं रेघ मारून ठेवली आहे म्हणून कळतं तरी. साडेसहा हजार घेता ना, मग तिथं साधा गेट व्हॉल्व्ह (पाणी हळूहळू कमी-जास्त करायची चावी) द्यायला काय झालं होतं? ह्या एका पाइपासाठी मी दोन स्टार कापतो.

बुडबुड्यांबद्दल. नव्या स्किमरमधून बारीक बुडबुडे मेन टँकमध्ये येतात, पाणी दुधाळ दिसतं, आणि सगळे घाबरून आउटलेटला स्पंज बांधतात. स्पंजनं थांबतात हे खरं, पण दोन-तीन दिवसांत तो घाणीनं भरतो, धुतला नाही तर ती घाण तिथंच सडून नायट्रेट वाढवते. त्यापेक्षा सम्पमध्ये (मेन टँकखालची टाकी, स्किमर तिथंच बसतो) स्किमर आणि पाणी वर पाठवणाऱ्या रिटर्न पंपाच्या मधे काचेचे तीन बॅफल, म्हणजे आडोसे, लावा, पाणी वरून-खालून-वरून गेलं की बुडबुड्यांना वर यायला वेळ मिळतो. माझ्याकडे हेच केलं, स्पंज कायमचा काढला. तसेही नव्या अ‍ॅक्रिलिकवरचा तेलकटपणा जाईपर्यंत आठवडा-दोन आठवडे कुठलाच स्किमर धड वागत नाही, तेवढे दिवस फक्त चालू ठेवा. नंतरसुद्धा पाण्यात हात घातला किंवा फ्रोझन मायसिस (माशांचं खाद्य) टाकलं की काही तास फेस बसतो, तेलामुळं होतं ते, आपोआप येतो परत. आणि क्लोरीन मारायचं लिक्विड पाण्यात गेलं तर उलटं, कप भरभरून वाहतो. दोन्ही वेळी नॉबला हात लावू नका.

आता इथून माझं मत थोडं बदललं ते सांगतो. मेमध्ये पारा ४५ च्या वर, टँक थंड ठेवायला सम्पवर पंखा लावलेला, त्यामुळं पाणी भराभर उडायचं. सम्पची लेव्हल उतरली की स्किमरमधली पण उतरते, फेस मानेपर्यंत पोचतच नाही, सकाळी कप कोरडा. मग आपण बादलीनं आरओचं पाणी टाकतो आणि तो ओव्हरफ्लो. मी इतके दिवस शिव्या नॉबला देत होतो पण त्यातला अर्धा गोंधळ ह्या लेव्हलचा होता. फ्लोट स्विच आणि छोटा पंप जोडून घरीच ऑटो टॉप-अप, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय, बनवला, हजाराच्या आत झाला, सम्पमधलं पाणी आठ इंचांवर कायम ठेवलं, आणि त्यानंतर हाच स्किमर रोज काळा, घट्ट, वास मारणारा माल काढून राहिला. म्हणून एक स्टार परत दिला. नॉब अजूनही वाईटच आहे, फक्त आता त्याला हात लावायची वेळ येत नाही. मोठा स्किमर घेण्याआधी टॉप-अपवर पैसे घाला, माझं तर हेच म्हणणं.

टॉप-अप असेल तर एक गोष्ट डोक्यात ठेवा. लाइट गेली की वरचं पाणी सम्पमध्ये उतरतं, आणि लाइट आल्यावर स्किमर खोल पाण्यात सुरू होऊन कप उतू जातो. कपाची ड्रेन नळी बाहेरच्या डब्यात सोडली असेल तर खारं पाणी डब्यात जाईल, टॉप-अप त्याजागी गोडं पाणी भरत बसेल आणि १.०२५ ची सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा) कधी खाली आली कळणार नाही. म्हणून मी ड्रेन बंदच ठेवतो, उतू गेलं तरी सम्पमध्येच पडतं. घाण परत जाते, पण मासे-कोरल सुरक्षित राहतात, मला ते जास्त महत्त्वाचं.

हवेच्या नळीच्या तोंडाशी मीठ जमतं, तेही बघत जा, हवा कमी झाली की फेस कमी. गरम पाणी ओढू द्या, विरघळतं. गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी विरघळतो, त्यामुळं आपल्याकडच्या उन्हाळ्यात स्किमरची हवा बंद पडणं परवडत नाही. घेताना बॉक्सवर ५० हर्ट्झ आहे का तेवढं वाचा, ६० वाला एसी पंप आपल्याकडे हळू फिरतो आणि हवा कमी खेचतो. आणि जरा जास्त पैसे देऊन गेट व्हॉल्व्हवालं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या.