लँग्स्टन ह्यूजच्या सगळ्या कविता एका पुस्तकात, नक्की घ्या

दोन महिने रोज झोपताना या काळ्या अमेरिकन कवीच्या तीन-चार कविता वाचतेय, म्हणून आता लिहिते. ऑनलाइन मागवलं, कोपरा दुमडून आला पण परत नाही केलं. 'कलेक्टेड पोएम्स' नाव आहे, संपादक अर्नोल्ड रॅम्परसॅड आणि डेव्हिड रोसेल, पहिल्यांदा १९९४ ला आलं. ७०० च्या वर पानं, आडवं पडून वाचलं की मनगट दुखतं. ८५० च्या वर कविता आणि सगळ्या काळाच्या क्रमाने लावल्यात, मला हेच सगळ्यात आवडलं.

१९२५ ची 'आय, टू' बघा, पाहुणे आले की काळ्या भावाला जेवायला किचनमधे पाठवतात आणि तो हसतो, पोटभर जेवतो, उद्या टेबलावरच बसणार म्हणतो. १९५१ च्या 'हार्लेम'मधे ते हसू नाहीच, स्वप्न पुढे पुढे ढकललं की त्याचं होतं काय एवढंच विचारत राहतो. मधे २६ वर्षं गेली ना.

पण मी अडकले 'मेरी-गो-राउंड'पाशी, म्हणजे जत्रेतला घोड्यांचा गोल पाळणा. एवढीशी कविता. अमेरिकेच्या दक्षिणेकडचं काळं पोरगं जत्रेत उभं राहून विचारतंय, यात आमची वेगळी जागा कुठेय? तिकडे ट्रेनला आमचा डबा वेगळा, बसमधे आम्ही मागे, पण या गोल फिरणाऱ्याला मागची बाजूच नाही, मग काळ्या पोराचा घोडा कुठला? बस एवढंच. शिवी नाही, भाषण नाही. पोराला नियम इतका पाठ झालाय की खेळायला आलं तरी आधी तेच शोधतंय. मी पुस्तक मिटून ठेवलं, कारण आई लहान होती तेव्हा त्यांच्या गावच्या हॉटेलात आमच्या लोकांचे कप बाहेर वेगळे असायचे, चहा प्यायचा, कप विसळायचा, परत तिथेच ठेवायचा, ती म्हणते कोणी सांगावं पण लागायचं नाही. १९७२ ला आपल्याकडे दलित पँथर निघाली तेव्हा नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथरवरून का घेतलं ते मला आत्ता कुठे आतून कळलं.

काही कविता अगदीच किरकोळ आहेत, त्या सोडल्या तरी चालेल. ब्लूजच्या, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या गाण्यांच्या, ढंगातल्या मोठ्याने वाचा, बोलीतलं इंग्रजी आहे, मनात वाचून ठेका लागत नाही. शेवटी टिपा आहेत त्यांचा खूप उपयोग होतो.

आईला ती पाळण्याची कविता मराठीत करून ऐकवली. ती म्हणाली, मग बसला का गं तो घोड्यावर? कवितेत ते नाहीये.